दिल्लीबद्दल ठाम, गल्लीबद्दल कोरे

आमच्या पिढीचं राजकारणाचं शिक्षण मोबाइलवर झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्या सुमारास मी बार्शीहून पुण्याला शिकायला आलो. आता हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आहे, धायरीत हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट आहे आणि या दोन ठिकाणांच्या मधे नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड एवढा प्रवास आहे. कंपनीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळे सगळी बस खाली मान घालून राज्याचं आणि देशाचं राजकारण बघत असते. मीही त्यातलाच. गेल्या काही वर्षांत त्या पडद्यावर जे पाहिलं आणि पडद्याबाहेर जे अंगावर आलं, त्यातून हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. विषय जितका लांबचा, मत तितकं पक्कं

जून २०२२ आठवा. शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला, मग गोव्याला. आमच्या कॅन्टीनमध्ये एका आठवड्यात सगळे घटनातज्ज्ञ झाले. दहावं परिशिष्ट काय म्हणतं, शिवसेनेच्या ५५ आमदारांचे दोन तृतीयांश म्हणजे ३७ कसे, राज्यपालांचे अधिकार कुठे संपतात, हे जावा लिहिणारी मुलं एकमेकांना समजावून सांगत होती. सांगोल्याचे शहाजीबापू पाटील फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ म्हणाले आणि ते वाक्य दोन दिवसांत प्रत्येक ट्रेकच्या फोटोखाली जाऊन बसलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली होती. नगरसेवक गेले, प्रशासक आले. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षण यांवरचे वाद कोर्टात अडकले आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं महापालिकेच्या सभागृहात पाणी, कचरा आणि रस्ते यांवर प्रश्न विचारायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. कॅन्टीनमध्ये हा विषय निघाल्याचं मला आठवत नाही.

याचं कारण आळस एवढंच नसावं. लांबच्या राजकारणात पात्रं असतात, बंड असतं, पहाटेच्या हालचाली असतात. जवळच्या राजकारणात निविदा असते. शिवाय गुवाहाटीबद्दल मत दिलं की काम संपतं. गटाराबद्दल मत दिलं की समोरचा म्हणतो, मग उद्या सकाळी चला बरोबर. फुकटातलं मत आपण मनसोक्त देतो. ज्या मतामागोमाग काम येतं, तिथे आपण एकदम समंजस होतो.

२. बातमी तीन दिवसांनी कळली तरी काही अडत नाही

२३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी दारात पडलेल्या वर्तमानपत्रांत उद्धव ठाकरे यांच्या मुख्यमंत्रिपदावर एकमत झाल्याची बातमी होती. चहा होईपर्यंत टीव्हीवर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार शपथ घेऊन मोकळे झाले होते. पुढचे तीन दिवस राज्यात कुणी धड काम केलं असेल, असं वाटत नाही. दर दहा मिनिटांनी फोन उघडायचा, कोणता आमदार कोणत्या हॉटेलात आहे ते बघायचं. २६ तारखेला दोघांनीही राजीनामे दिले आणि २८ ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला.

समजा, एखादा माणूस त्या शनिवारी सकाळी राजगडावर चढला असता आणि फोन बंद करून थेट गुरुवारी उतरला असता, तर त्याला गाव सोडताना वाचलेली बातमी खरी झालेली दिसली असती. मधली सगळी धावपळ त्याच्या वाटची वाचली असती. तेव्हापासून माझा एक नियम आहे. सकाळी एक छापील वर्तमानपत्र, तेही आतल्या पानांपासून. स्थानिक बातम्या आत असतात आणि त्या संध्याकाळपर्यंत बदलत नाहीत.

३. त्यांची युती तुटेपर्यंत आपली मैत्री तोडू नये

२०१९ मध्ये कोण कुणाबरोबर होतं, २०२२ मध्ये कोण कुणाला सोडून गेलं आणि जुलै २०२३ मध्ये कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसलं, ही यादी आता स्पर्धा परीक्षेत विचारायच्या लायकीची झाली आहे. या काळात नेत्यांचं एकमेकांच्या घरच्या लग्नांना जाणं थांबलं नाही. थांबलं ते आमच्याकडे. वसतिगृहात एका ताटात जेवलेले दोघे जण एका पोस्टवरून इतके भांडले की, एकाच्या साखरपुड्याला दुसरा आला नाही. वर्षभरात दोघांचे लाडके पक्ष एकाच सरकारात दाखल झाले. पक्षांनी समझोता केला, पण या दोघांत समझोता कुणी करून द्यायचा?

राजकीय मत असावं, तीव्र असावं. ते एखाद्या मुद्द्याबद्दल असलं की टिकतं: पीकविमा, भरती परीक्षा, पाणीवाटप. माणसाबद्दल असलं की माणूस जाईल तिकडे ते फरफटत जातं आणि दर दोन वर्षांनी आपल्यालाच नवे युक्तिवाद पाठ करावे लागतात.

४. फॉरवर्डची किंमत भलताच भरतो

मी सोलापूर जिल्ह्यातला, म्हणून राईनपाडा माझ्या मनातून जात नाही. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. भिक्षा मागत हिंडणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाच्या तावडीत सापडली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आमच्या जिल्ह्यातले. पिढ्यान् पिढ्या पोटासाठी गावोगाव फिरणारा समाज, आणि अनोळखी माणूस गावात दिसला हाच त्याचा गुन्हा ठरला.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असं केलं. कंपनीने करायचं ते केलं. उरलेलं आपल्या अंगठ्याकडे आहे.

‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं’ हे वाक्य मला राईनपाड्याच्या त्या दिवसापासून सहन होत नाही. ज्याने ते लिहून मेसेज पुढे ढकलला, त्याचं काहीच गेलं नाही. म्हणून ‘सावध राहा’ असं सांगणारा मेसेज आला की मी आधी बघतो, यात सावध कुणापासून राहायला सांगितलं आहे. उत्तर जर एखादी जात, धर्म, पेहराव किंवा फिरस्ता समाज असेल, तर तो मेसेज माझ्याकडे थांबतो.

५. काकांना उत्तर ग्रुपवर देऊ नये, फोन करावा

आमच्या कौटुंबिक ग्रुपवर काका पहाटे साडेपाचला सक्रिय होतात. आधी भगवंताचा फोटो, मग सुविचार, मग राजकारण. त्यातलं बरंच खोटं असतं आणि खोटं सिद्ध करायला दोन मिनिटं पुरतात. पण ग्रुपवर सुना आहेत, जावई आहेत, नुकतीच दहावी झालेली नात आहे. चारचौघांत पुतण्याने चूक दाखवली की काका माघार घेत नाहीत, ते दुसरा फॉरवर्ड काढतात. त्यात त्यांचा दोष नाही. तालुक्याच्या गावात ज्याने आयुष्यभर शब्द राखला, त्याला सगळ्यांदेखत खोटं पाडणं हा वाद नसतो, अपमान असतो.

फोनवर मात्र वेगळेच काका भेटतात. ‘काका, ते सकाळचं जुनं आहे बरं का, दुसऱ्या राज्यातला व्हिडिओ आहे तो,’ म्हटलं की म्हणतात, ‘असं व्हय, मग काढतो.’ आणि काढतातही. मग मी विचारतो, ‘सोयाबीन काढली का?’ इथून खरं राजकारण सुरू होतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजार समितीत बोली लागत होती त्याच्या बरीच खाली. खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या नावाखाली माल कसा परत पाठवतात, बारदाना नाही म्हणून केंद्र कसं बंद राहतं, खाद्यतेलाच्या आयातीचा सोयाबीनच्या भावाशी काय संबंध, हे काका मला पाऊण तास सांगतात. त्यात एक शब्द उसना नसतो. त्या बोलण्यात ते ज्या पक्षाचे फोटो सकाळी टाकतात, त्या पक्षालाही सोडत नाहीत.

हे असं का होतं, यावर मी बराच विचार केला. ग्रुपवर काकांना ते ज्यातले जाणकार आहेत ते कुणी विचारतच नाही. आम्ही शहरातली मुलं तिथे वाढदिवसाचे केक टाकतो आणि त्यांच्या फॉरवर्डवर मनातल्या मनात हसतो. माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो स्वतःच्या शब्दांत बोलतो. हे काकांना लागू आहे, रिक्षावाल्याला लागू आहे आणि आमच्या टीम लीडलाही.

६. लिहायचं ते आपल्या नावाने

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ चा तेव्हा इतका बोलबाला झाला, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. तेव्हा कायदा बराचसा आपल्या बाजूला आहे. भीती उरते ती स्क्रीनशॉटची आणि नोकरीची. माझा तोडगा साधा आहे: जे वाक्य खाली सही करून वर्तमानपत्राच्या वाचकपत्रात पाठवता येईल, तेच पोस्ट करायचं. टोपणनावाच्या खात्यावरून शौर्य गाजवणाऱ्यांबद्दल मला आदर वाटत नाही.

७. जो हजर असतो, त्याचा निर्णय असतो

सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंग, भटकी कुत्री आणि टँकरचं बिल यांवर रोज रात्री जे युद्ध होतं, त्यापुढे विधानसभा शांत वाटावी. ग्रुपचे अ‍ॅडमिन बिचारे कायम धास्तावलेले. त्यांना मी सांगितलं की, इतर सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून केवळ अ‍ॅडमिनला दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा कुठे त्यांना झोप लागली.

पण गंमत पुढे आहे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेला गणपूर्ती होत नाही, अर्धा तास सभा तहकूब होते आणि मग जे हजर असतील त्यांच्यात पुढे चालते. वर्षभर ग्रुपवर आग ओकणारे तेव्हा लोणावळ्यात असतात. हजर असतात ते सोसायटीतले निवृत्त जोशीकाका आणि त्यांच्या वयाचे लोक, हातात मागच्या सभेचं इतिवृत्त आणि चष्मा. देखभाल खर्च किती वाढवायचा, रंगकाम कुणाला द्यायचं, हे तेच ठरवतात. मला त्यांचा राग यायचा. आता मी त्यांच्या शेजारी बसतो. ग्रुपवरच्या शंभर अंगठ्यांपेक्षा सभेतला वर केलेला एक हात जड असतो. तो इतिवृत्तात लिहिला जातो.

८. पाणी कुठून येतं, हे माहीत हवं

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागाचं नाव देशभर झालं. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या सिंहगड रस्त्यालगतच्या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढायला लागले. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती उलटून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. ग्रुपवर त्याच रात्री निकाल लागला: चिकन बंद करा. दुसऱ्या दिवशी पनीरही आरोपी. तिसऱ्या दिवशी एका काढ्याची कृती आली.

राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासण्यांत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून तो पोटात जातो. नांदेड गावाला ज्या विहिरीचं पाणी मिळत होतं, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. शुद्धीकरण केंद्राचं पाणी तिथे पोचत नव्हतं. क्लोरीन टाकलं की पाणी नळात. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. कर शहराचा सुरू झाला, पाणी गावाचं राहिलं. खडकवासला धरण इतकं जवळ की पावसाळ्यात तिथे भजी खायला जाऊन यावं. आणि या सगळ्या काळात पालिकेच्या सभागृहात आमच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं. पहिल्या मुद्द्यातली ती कुणाच्या चर्चेत नसलेली मुदत इथे अशी घरात आली.

आम्ही मग एक केलं. पाण्यातलं क्लोरीन तपासायचं साधं किट बाजारात मिळतं. नमुन्यात औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे; रंगपट्टीशी ताडून प्रमाण कळतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असं भारतीय मानक सांगतं. आमचे वॉचमन सकाळी टाकीच्या पाण्याची चाचणी करतात आणि आकडा ग्रुपवर टाकतात. टँकर आला की त्याचीही चाचणी. काढ्याची कृती पाठवणाऱ्या काकू आता आकडा उशिरा आला तर विचारतात, ‘आज चाचणी झाली नाही का?’ ग्रुप तोच आहे, माणसं तीच आहेत.

९. टॅग केल्याने समाधान होतं, अर्जाने काम होतं

खड्ड्याचा फोटो काढून चार नेत्यांना आणि दोन वाहिन्यांना टॅग करण्यात एक सुख आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याला तारीख नसते, क्रमांक नसतो, उत्तर देण्याची जबाबदारी नसते. पालिकेच्या अ‍ॅपवर नोंदवलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो. माहिती अधिकाराचा अर्ज त्याहून भक्कम. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जोडपत्र ‘अ’, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. ट्वीट लिहून हात बसलेल्यांना ती जड जाऊ नये. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही मिळालं तर अपील.

प्रश्न मात्र नीट विचारावा. ‘रस्ता इतका खराब का?’ याला माहिती अधिकारात उत्तर नाही. ‘या रस्त्याच्या कामाचा आदेश, ठेकेदाराचा करार आणि दोषदायित्व कालावधी यांच्या प्रती द्या’ याला आहे. दोषदायित्व कालावधी म्हणजे काम झाल्यावर जितका काळ ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यायची, तो काळ. आमच्या गल्लीच्या तोंडाचा रस्ता त्या मुदतीत होता. कागद हातात घेऊन आम्ही तिघे-चौघे कनिष्ठ अभियंत्यांना भेटलो. आवाज चढवायची वेळच आली नाही. त्यांनी ठेकेदाराला पत्र काढलं आणि खडी पडली. पालिकेत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली पाहता येत असत, हेही तेव्हाच कळलं. अर्धा दिवस रजा टाकावी लागायची. आयपीएलच्या तिकिटासाठी आपण टाकतोच.

१०. नाव आधी यादीत, मग मत

लोकसभेला २०१९ मध्ये पुण्यातलं मतदान ५० टक्क्यांना टेकलं नाही. २०२४ मध्ये ते ५३ टक्क्यांच्या पुढे गेलं, तर आपण पाठ थोपटून घेतली. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये जवळजवळ ७२ टक्के मतदान झालं. तिथे नक्षली भागात सुरक्षेसाठी दुपारी तीनलाच मतदान थांबवतात आणि लोक जंगलातून चालत केंद्रावर येतात. राजकारणावर सगळ्यात जास्त टायपिंग करणारं शहर बोटाला शाई लावायच्या वेळी घरी असतं.

माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांची नावं अजून लातूर, जळगाव, अकोल्याच्या यादीत आहेत. १३ मे २०२४ हा मतदानाचा दिवस सोमवार होता. त्यांना ती शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळाली. राहण्याचा पत्ता बदलला की नमुना ८ भरायचा, ऑनलाइन भरता येतो. मी तो भरला आणि जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात पालिकेसाठी पहिल्यांदा मत दिलं. एकच मत देऊन निघालेल्या मतदारांना केंद्रावरचे कर्मचारी परत बोलावत होते, कारण आमच्या प्रभागात चार जागा, अ, ब, क, ड, आणि प्रत्येकाला चार मतं. रांगेतल्या बहुतेकांना पक्ष पाठ होते, चारही उमेदवारांची नावं क्वचित कुणाला.

११. जिंकलेल्याला पुढे काय विचारायचं, ते आधी ठरवावं

आता चार नगरसेवक आहेत. वाढदिवसाचे फलक लागले, आमच्याच ग्रुपवर त्यांचे फोटोही आले. पुढच्या वेळी ते हात जोडून दारात येतील, तेव्हा दिल्लीत काय चाललंय यावर त्यांच्याशी गप्पा मारण्यात अर्थ नाही. माझ्याकडे चार प्रश्न तयार आहेत. मुख्य सभेला किती वेळा हजर होतात? कोणता लेखी प्रश्न विचारलात? आमच्या प्रभागाचा निधी बाकडी, कमानी आणि नामफलकांवर किती गेला आणि जलवाहिनीवर किती? शुद्धीकरण केंद्राचं पाणी आमच्या टाकीत कोणत्या महिन्यात येणार? पहिल्या तिन्हींची उत्तरं सभेच्या इतिवृत्तात आणि अंदाजपत्रकात असतात, ती आपणच आधी काढून ठेवायची. चौथ्याचं उत्तर त्यांच्याकडून लेखी घ्यायचं आणि ग्रुपवर सगळ्यात वर पिन करून ठेवायचं. पाच वर्षं.